डाव्या दंडावरची खूण

२० नोव्हेंबर २००६, सोमवार

माझ्या हातचं, आजपर्यंत: घराची चौकट आणि दोन्ही खिडक्या, जुन्या सागाच्या, खिळा एकही नाही, सगळं खाचेत बसवलेलं. पोरीचं, सुजाताचं, दप्तर, ताडपत्रीचं, दुहेरी शिवण. विहाराचा भोंगा, तीनदा दुरुस्त. कापसाच्या जिनिंगमधल्या मोठ्या वजनकाट्याचा दांडा. लस गार ठेवायला बर्फाची पेटी: बाहेरून फळी, आत थर्माकोल, मधे भुसा. सकाळी भरलेला बर्फ दिवेलागणीला अर्धा शिल्लक. लेकरांना हात टेकवायला उतरतं स्टूल. आणि पारदर्शक मोजपट्टी. जुन्या एक्स-रेची फिल्म सोड्याच्या पाण्यात धुऊन काचेसारखी केली, सुईनं रेघा पाडल्या, रेघांत काजळ भरलं. सर्व्हेवाल्यांच्या पट्टीशी लावून पाहिली. केसभर फरक नाही.

शिक्षण सातवी. बाकीचं कोणी शिकवलं नाही.

उद्यापासून सर्व्हे. तीन वर्षांपूर्वी तालुक्यातल्या शाळांत लेकरांना टी.बी.ची लस टोचली होती, तिचा गुण किती आला ते तपासायचं. काम दोनच. डाव्या दंडावर लशीची खूण आहे की नाही. आणि कोपराखाली तपासणीचं इंजेक्शन दिलं की तीन दिवसांनी तिथली सूज किती मि.मी. ट्रेनिंगात डॉक्टर मॅडमनी आणि मी एकमेकांना न सांगता मोजलं. जुळलं. मला रीडर, म्हणजे सूज वाचणारा, नेमलं. बाकीचे दोन रीडर बी.एस्सी. आहेत.

सुजाताचा खोकला अजून आहे. थंडी पडली आहे.

२१ नोव्हें., मंगळ.

पहिलं गाव. जीप थांबायच्या आत बाया गोळा. ‘सरकारी पॅकेजची गाडी का वो?’ आमचा ड्रायव्हर रशीद म्हणतो, ‘नाही माय, सुईची गाडी.’ निम्म्या तिथूनच वळल्या.

लोकांचंही बरोबर आहे. या वर्षी कागद घेऊन कोण कोण येऊन गेलं. कापूस किती, बैल किती, घरात कोणी काही करून घेतलं का. पारावरचा एक म्हातारा: ‘सारे इचारून जाते. सांगाले कोनी येत नाई.’ त्याला सांगितलं, आम्ही लेकरांचे हात पाहायला आलो. म्हणाला, ‘हात पाहाले जोशीबी येते.’

सिस्टरनं इंजेक्शनं दिली, मी खुणा पाहिल्या. लशीची खूण गोल, जरा खोलगट, कातडी आत ओढल्यासारखी. फार शहाणपणाचं काम नाही, पण लक्ष लागतं.

२४ नोव्हें., शुक्र.

सूज मोजायचा दिवस. शाळा अर्धी रिकामी, पोरं वेचणीला. हेडमास्तर म्हणाले सोमवारी या. सोमवारी सूज उतरून जाईल, मग काय मोजू? मॅ. ना म्हटलं शेतात जाऊ. गेलो. कमरेला ओट्या बांधलेली पोरं कपाशीच्या ओळीतून वर काढली, एकेकाचा हात उन्हात धरला. लाली मोजायची नाही, घट्टपणा मोजायचा. मी डोळे मिटतो आणि बोटानं कड शोधतो. डोळा फसवतो.

शेतवाला ओरडला, ‘आटपा ना जी लवकर! किलोवर मजुरी हाय, मिलिमीटरवर नाई!’ तेव्हापासून रशीद मला मिलिमीटरभाऊ म्हणतो.

मॅ. नी माझी दहा मापं पुन्हा तपासली. एकही फिरवलं नाही.

२८ नोव्हें., मंगळ.

आज आमच्या गावची शाळा. दोन लेकरं सोडून झाडून सगळ्यांच्या डाव्या दंडावर खूण! मॅ. पाहतच राहिल्या. ‘असं कुठल्याच गावात दिसलं नाही. इथे काय केलं होतं तुम्ही?’

सांगितलं. तीन वर्षांपूर्वी सायकलला भोंगा बांधून मी गल्लीगल्ली फिरलो. आठ दिवस आधी. जी लेकरं आली नाहीत त्यांच्या घरांची नावं शाळेच्या फळ्यावर माझ्या अक्षरात. लोक चिडले, चिडू दिले. आणि सुजाताच्या दंडावर फोड उठला तेव्हा तिला हाताला धरून घरोघर दाखवली. हे पाहा, माझी पोरगी. मेली का? खेळते आहे. मॅ. नी लिहून घेतलं. ‘रिपोर्टात हे आलं पाहिजे,’ म्हणाल्या.

हेडमास्तरांनी सगळ्यांना चहा दिला. एरवी देत नाहीत.

१ डिसेंबर, शुक्र.

आमच्या गावची मापं. आपल्या पोरीचा हात आपण मोजायचा नाही, म्हणून सु. चा सिस्टरला मोजायला लावला. अकरा. मग राहवलं नाही, मीही मोजला. अकराच.

मॅ. ना विचारलं. म्हणाल्या, खूण नसती तर अकरा म्हणजे शरीरात जंतू गेलेत असंच धरलं असतं. खूण आहे, तेव्हा ही सूज लशीची असू शकते. तरी खोकला आहे म्हणता, तर डॉक्टरला दाखवा.

खूण आहे. मी स्वतः मोजली आहे. सात मि.मी., गोल.

३ डिसें., रवि.

घाटंजीला डॉक्टरकडे. सु. एस.टी.त माझ्या खांद्यावर झोपली, असं करत नाही कधी. डॉक्टरनी छाती तपासली, विचारलं, ‘लस झाली आहे?’ मी तिची बाही वर केली. खूण दाखवली, माप सांगितलं, हातावरच्या सुजेचं कारणही सांगितलं. डॉक्टर हसले. ‘तुम्हाला तर सगळंच ठाऊक आहे.’ गोळ्या, बाटली, पंधरा दिवसांनी या.

सु. ची आई, कमल, दाराशी उभी होती. खूण दाखवली तेव्हा पदर तोंडाला लावून बाहेर गेली. म्हटलं औषधाचा वास सहन होत नसेल.

६ डिसें., बुध.

विहारात सगळे. पांढरे कपडे, मेणबत्त्या. दर वर्षी बुद्धवंदना सु. सांगते, गावात तिच्याइतकं स्वच्छ पाली कोणाचं नाही. दुसऱ्या ओळीला खोकला आला, तो थांबेना. खाली बसली. दुसऱ्या मुलीनं पुढे म्हटलं.

बाहेर गिरजाबुढी पायरीवर गुडघे उघडे टाकून बसलेली. चिकनगुनियानं साऱ्या गावाचे सांधे धरले आहेत, आणि बुढीच्या दारात बिब्बा लावून घ्यायला रांग. तिच्या गुडघ्यांवर तेच काळे ठिपके. मला म्हणाली, ‘पोट्टी वाळून राह्यली तुही. नजर लागली.’ मी म्हटलं, नजर मि.मी. मध्ये मोजता येत नाही. हसली नाही. एरवी हसते.

८ डिसें., शुक्र.

संध्याकाळी ताप. सकाळी नाही. काल तसंच, परवा तसंच.

१० डिसें., रवि.

सु. ला रेशन दुकानातल्या काट्यावर उभं केलं. दिवाळीपेक्षा अडीच किलो कमी. काटा तपासला, बरोबर आहे.

क. म्हणते यवतमाळला न्या. मी म्हटलं पंधरा दिवस औषध पुरं होऊ दे, डॉक्टरनी सांगितलंय, आणि टी.बी. नाही, लस झाली आहे. तिनं पोळी तव्यावर तशीच जळू दिली.

१३ डिसें., बुध.

झालं तसं लिहितो.

दुपारी सर्व्हेवरून आलो. सु. शाळेतून परत आणलेली, खाटेवर. क. पुन्हा म्हणाली यवतमाळला न्या. मीही पुन्हा तेच: खूण आहे, सूज लशीची आहे, दहादा सांगितलं. तशी ती चुलीपासून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘थे खूण सुईची नाई. बिब्ब्याची हाय.’

मला वाटलं तापाच्या काळजीनं बरळते.

‘सुईवाले आले त्या दिवशी तुमी रानातल्या वस्तीवर, पोडावर गेलते, बर्फाची पेटी घेऊन. पोट्टी भेली, कापसाच्या ढिगात लपून बसली, थरथरून राह्यली. मी म्हनलं राहू दे, उद्या देऊ. उद्या गाडीच आली नाई. तुमाले म्हनलं, झाली. आन् तुमी रोज तिची बाही वर करा. उठली का, उठली का. लोकाईचे नावं फळ्यावर लिहून राह्यलते तुमी. आपल्या पोरीचं कोनी लिहाचं?’

‘मला का नाही सांगितलं?’

‘तुमाले सांगाव कसं? तुमी आयकता कवा? तुमी मोजता.’

मग म्हणे तिला गिरजाबुढीकडे नेली. बिब्बा तापवला, सुईच्या टोकानं लावला, फोड उठला. मी पाहिला तो हाच. लशीचा फोड उठायला तीन आठवडे लागतात, हा लवकर उठला होता. तेव्हा मी म्हणालो होतो, पोरीच्या अंगात ताकद चांगली आहे.

विचारलं, बाकीच्यांचं? क. म्हणाली, ‘तुमीच तं घरोघर दाखवली. बाया मले इचारे, तुह्या पोरीची एवढी झाक उठली, आमच्याईची काहून नाई? मी सांगतलं.’

सु. सगळं ऐकत होती. ‘बाबा, आईले रागवू नका. मीच लपलती.’

मी रागावलो नाही. अकरा मि.मी., खूण नाही. हे माप मी स्वतः घेतलं आहे. बारा दिवस मी ते खिशात घेऊन फिरलो.

१४ डिसें., गुरु.

पहिल्या एस.टी.नं यवतमाळ. मोठा दवाखाना. छातीचा फोटो. डॉक्टर तरुण आहेत, बोलतात हळू. फुफ्फुसाच्या मुळाशी गाठी. लगेच दाखल करून घेतली. ‘घरात कोणाला खोकला?’ नाही. ‘बाहेर कुठे राहिली होती?’ उन्हाळ्यात दोन महिने फुलसावंगीला, मामाकडे. एस.टी.डी.वरून मामाला फोन. म्हणतो आमच्याकडे सगळे ठणठणीत, तुमच्याच गावात पाहा.

आमच्या दोघांच्या थुंकीचे डबे दिले.

१५ डिसें., शुक्र.

सकाळी उठल्याबरोबर, पाणीही न देता, नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात. लेकरांना थुंकी बाहेर टाकता येत नाही, गिळतात, म्हणून. तीन दिवस सकाळी. मी हात धरला, क. नं डोकं. नळी निघाल्यावर सु. मला म्हणते, ‘बाबा, माह्या पोटातलं पानी कायले उपसून राह्यले? विहीर हाय का?’ शेजारच्या खाटेवरची बाई हसली, क. हसली. मला हसू आलं नाही. हसायला पाहिजे होतं.

जंतू भिंगाखाली दिसले तर दिसले. नाही तर वाढवून पाहतात, त्याला दीड-दोन महिने. तोवर डॉक्टर थांबणार नाहीत, औषध उद्यापासून.

१७ डिसें., रवि.

डोकं दुखतं म्हणते. उजेड नको म्हणते. दोनदा ओकली, गोळ्यांसकट. सिस्टर म्हणाली, सुरुवातीला गोळ्या पचत नाहीत. मान टेकत नाही उशीला. उशी मी घडी करून बसवली, उतार बदलून पाहिला, तीन प्रकारे. नाही.

१८ डिसें., सोम.

पहाटे मला ‘मामा’ म्हणाली.

डॉक्टर धावत आले. मान वाकवून पाहिली, वाकेना. मला बाजूला घेतलं. ‘लस खरंच झाली होती का? दाखल करताना खूण आहे असं लिहिलंय. ही लस छातीच्या आजारापासून वाचवेलच असं नाही, पण मेंदूच्या आजारापासून लेकरांना पुष्कळ वाचवते. नीट आठवून सांगा.’

चौदा तारखेला कागद भरताना सिस्टरनं दंड पाहून स्वतःच लिहिलं होतं. मी समोर होतो. बोललो नाही.

सांगितलं, ‘नाही झाली.’

‘मग ही खूण?’

ते सांगायला किती वेळ लागला कोण जाणे. डॉक्टरनी कागदावरची नोंद खोडली. शेवटी एवढंच म्हणाले, ‘असा दुसरा कोणी असेल तर लवकर आणा.’

पाठीतलं पाणी काढलं. त्यात मेंदूच्या आवरणाचा टी.बी. दिसतो म्हणतात. सुया सुरू. क. व्हरांड्यात भिंतीला डोकं लावून. मी तिच्या जवळ जाऊन बसलो. पाच दिवसांत पहिल्यांदा. तिनंच विचारलं, ‘चाय पेता का?’

२० डिसें., बुध.

सु. तशीच. ग्लानी. क. ला तिच्यापाशी ठेवून गावी आलो, पांघरुणं आणायला. खरं म्हणजे गिरजाबुढीसाठी.

बुढी अंगणात तूर निवडत होती. सु. चं सांगितलं. हातातलं सूप खाली ठेवलं, कपाळ बडवून घेतलं. मग मी विचारलं, किती लेकरांना लावला बिब्बा?

‘याद राह्यते का बापा? ज्याईची उठली नाई त्याईले. ज्याईनं घेतलीच नाई त्याईलेबी. आल्या, म्हनलं बसा. मी कोनाचं वाईट केलं नाई. डाव्याच दंडावर लावला सार्‍याईले, तुह्या म्हनन्यापरमानं.’

‘माझ्या म्हणण्याप्रमाणे?’

‘तूच तं भोंग्यावर सांगे, डावा दंड, डावा दंड.’

घरोघर गेलो. तीन वर्षांपूर्वी ज्या घरांत पोरीला घेऊन शिरलो होतो त्याच घरांत. काही बायांनी सांगितलं, काहींनी पोराला आत घेतलं. एक म्हणाली, ‘आता कोनत्या फळ्यावर लिहिता, भाऊ?’ खाली पाहिलं आणि विचारत राहिलो.

चार लेकरं मिळाली. ओळीत उभी केली, भिंग लावलं. बिब्ब्याची कड काळसर राहते, लशीची नाही, असं मला कालपर्यंत वाटत होतं. तीन वर्षांत सारं एक झालं आहे. बुढीनं टोक खोल रुतवलं त्यांची कातडी लशीसारखीच आत ओढलेली. मी म्हणावं सुई, आई म्हणते बिब्बा. मी म्हणावं बिब्बा, आई म्हणते सुई. चारांत दोन चुकलो. डोळे मिटून बोटानंही पाहिलं.

म्हणजे आमच्या गावची एकही खूण खरी धरता येत नाही. खोटीही धरता येत नाही. दहाच्या वर सूज असलेली कितीतरी लेकरं मी ‘खूण आहे’ म्हणून घरी पाठवली. सु. सारखीच.

एस.टी.डी.वरून मॅ. ना फोन. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं: ‘तुम्ही कोणत्या वॉर्डात आहात?’

२१ डिसें., गुरु.

आम्हा दोघांच्या थुंकीत काही नाही. मग कोणाकडून लागलं?

सु. नं दुपारी दोन चमचे पेज गिळली. मग उजवा हात आपोआप झटकत राहिली. डॉक्टरना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

२२ डिसें., शुक्र.

मॅ. आल्या. नागपूरहून सरळ, सोबत कोणी नाही. आधी सु. पाशी गेल्या, डोळ्यांत बॅटरी पाडून पाहिली, कागद वाचले, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलल्या. क. च्या पाठीवर हात ठेवला. मग आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर.

म्हणाल्या, औषध योग्य चाललं आहे. उशीर झाला आहे, पण योग्य आहे. ‘उशीर’ म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, आमचं गाव सर्व्हेतून काढा. तिथं लस किती जणांना पोचली ते कोणालाच सांगता येणार नाही आता.

‘काढलं तर तुमच्या तालुक्याचं काही उरतच नाही. लेकरं आधीच कमी भरली, सगळी वेचणीला. पुन्हा करायला पैसे नाहीत. थोड्या खुणा सगळीकडेच चुकतात, आम्ही तशी टीप देतो खाली.’

‘थोड्या नाहीत, मॅडम. आणि खाली दिलेलं कोण वाचतं?’

‘आम्ही वाचतो,’ म्हणाल्या. खरंच वाचत असतील. बाई वाईट नाही. तिच्याही डोक्यावर कोणी आहे.

मी म्हटलं, तुमच्या रिपोर्टात येईल की इथं लस झाडून सगळ्यांना पोचली. मग इथं पुन्हा सुई घेऊन कोणी येणार नाही. ज्या लेकरांना घ्यायची राहिली ती राहिलीच.

समोरून रशीद आला, तीन चहा घेऊन, चौथा क. साठी. मला आज मिलिमीटरभाऊ म्हणाला नाही. ‘दादा, काही लागलं तर बोला,’ म्हणाला.

आमच्या गावच्या दहाच्या वर सूज असलेल्या लेकरांचे छातीचे फोटो काढून घेते, जीप पाठवते, असं मॅ. म्हणाल्या. तारीख विचारली. ‘नाताळ होऊ दे.’

जाताना एक गोष्ट विचारून गेल्या. उद्या सकाळी फोन करते, विचार करून ठेवा म्हणाल्या. क. ला सांगितलं नाही अजून.

२३ डिसें., शनि.

सकाळी सु. नं डोळे उघडले. क. म्हणते तिला ओळखलं, ‘आई’ म्हणाली. मी तिथंच होतो. ओठ हलले. शब्द ऐकू आला नाही. क. ला तसं म्हटलं नाही. डाव्या पायाला गुदगुल्या केल्या तर ओढून घेते, उजवा नाही. डॉक्टर म्हणतात अजून पंधरा दिवस काहीच सांगता येणार नाही.

मॅ. चा फोन दवाखान्याच्या ऑफिसात आला. क. ला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, ‘पैसा तं लागन. सहा महिने इलाज, येनं-जानं, आन् उठली नाई तं समोर काय.’ मग सु. चे केस विंचरत बसली. विंचरून झाल्यावर म्हणाली, ‘माह्याच्यानं एकडाव खोटं झालं. आता तुमी नोका करू.’

मॅ. नी विचारलं होतं ते असं: पुढच्या जिल्ह्यात हाच सर्व्हे, मला मुख्य रीडर नेमतात. बी.एस्सी. वाले माझ्या हाताखाली. राहायची खोली, यायला-जायला जीप, सही माझी. अकरा महिने नक्की, पुढे वाढेल. फक्त आमच्या गावची मापं मी घेतली तशी राहतील, आणि बिब्ब्याचं मी कुठे लिहून देणार नाही.

नाही म्हणालो. महिना साडेसात हजार.